वर्तुळा'वर' म्हणजे कुठे? व्याख्या पाठ असलेल्या एका मुलीचं प्रकरण

उत्तरपत्रिका दहा गुणांची होती. पाच गुण व्याख्यांचे आणि पाच आकृतीवरच्या प्रश्नांचे. आठवीतल्या या मुलीला व्याख्यांत पाचपैकी पाच मिळाले होते आणि आकृतीत पाचपैकी एक. पेपर माझ्या हातात देताना तिच्या आईने निदानही देऊन टाकलं : "पाठांतर चांगलं आहे हो, पण डोकं लावत नाही." शिकवण्या घेणाऱ्या माणसाच्या कानावर हे वाक्य सारखं पडत असतं. या प्रकरणात ते सपशेल चुकीचं निघालं. मात्र हे कळायला मला दोन बैठका लागल्या, आणि त्यातला बराचसा वेळ माझ्याच चुकांपायी गेला.

आधी ती आकृती सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एक वर्तुळ, केंद्र 'म'. 'अब' हा तिरपा व्यास. 'कड' ही आडवी जीवा, केंद्राच्या जेमतेम खालून गेलेली. आणि 'म' पासून निघालेली 'मप' ही एक त्रिज्या. बस्स, एवढंच.

त्रिज्यांची नावं लिहा, या प्रश्नाला तिचं उत्तर होतं : मप, मअ, मब. हे बरोबर, एक गुण. व्यासाचं नाव : कड. चूक. सर्व जीवांची नावं : अब, मअ, मब, मप. चूक. वर्तुळावरील कोणत्याही एका बिंदूचं नाव : म. चूक. शेवटचा प्रश्न होता, क आणि ड या बिंदूंमधला लघुकंस, म्हणजे वर्तुळाच्या गोलाईचा लहान तुकडा, लिहा. तिथे तिने नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं : (कड). म्हणजे साधा कंस काढून त्यात दोन अक्षरं. तपासणाऱ्याने त्यावर इतक्या जोरात फुली मारली होती की ती कागदाच्या मागून जाणवत होती.

त्याच पेपरात वरच्या अर्ध्या भागात तिने लिहिलं होतं, 'वर्तुळावरील कोणत्याही दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडास वर्तुळाची जीवा म्हणतात.' शब्दन् शब्द बरोबर.

पहिली बैठक : रंगीत तक्ता

मीही आईसारखाच विचार केला. मुलीने घोकंपट्टी केली आहे, चित्राशी गाठ बसलेली नाही, तर ती बसवू. एक मोठा तक्ता काढला. लाल त्रिज्या, निळा व्यास, हिरवी जीवा, जांभळी स्पर्शिका. तिने दहा मिनिटांत तो तोंडपाठ केला. मग मी बिनरंगाची आकृती दिली आणि आपण पेपरातल्या चुकांपाशी परत आलो. रंगांमुळे तिला पाठ करायला आणखी एक गोष्ट मिळाली होती, इतकंच.

वरून माझ्या तक्त्यातला व्यास आडवा होता. मी मुद्दाम आडवा काढला नव्हता, हाताला सवय तशी. कर्कटकाने वर्तुळ काढायचं, मग वहीच्या ओळीला समांतर पट्टी ठेवायची आणि रेघ मारायची. जुन्या वह्या उघडून पाहिल्या तर बहुतेक सगळ्या व्यासांची तीच गत. म्हणजे पाचवीपासून या मुलीने जे व्यास पाहिले असतील त्यातले बरेचसे आडवे असणार. 'व्यास आडवा असतो' असं कुणीही तिला सांगितलं नव्हतं, तरी ती ते शिकली होती. संस्कृतात व्यास म्हणजे विस्तार, रुंदी. ही व्युत्पत्ती मी तिला सांगितली नाही. रुंदी म्हटलं की पुन्हा आडवीच रेघ डोळ्यांपुढे आली असती.

त्या दिवशीची दुसरी चूक मला फार नंतर कळली. उजळणी म्हणून मी एक वर्तुळ काढलं, त्रिज्या तीन सेंटिमीटर. घाईत विचारलं, "त्रिज्या किती?" ती म्हणाली, "तीन." मी बरोबरची खूण केली आणि पुढे गेलो.

दुसरी बैठक : सात बिंदू

या वेळी मी तिला नावं विचारलीच नाहीत. फक्त कामं सांगत गेलो. वर्तुळ काढ. काढलं. केंद्राला नाव दे. दिलं. वर्तुळावर एक बिंदू घे. तिने पेन्सिल उचलली आणि केंद्राच्या थोडं डावीकडे, वर्तुळाच्या चांगलं आत, ठिपका दिला.

"वर्तुळावर म्हटलं मी."

"हो सर. वर्तुळावरच आहे."

मग मी नऊ ठिपके असलेलं वर्तुळ काढून दिलं. तीन ठिपके नेमके रेघेवर, चार आत (त्यातला एक केंद्र), दोन बाहेर. वर्तुळावर असलेल्या सगळ्या बिंदूंना गोल कर. तिने जराही न अडखळता सात बिंदूंना गोल केले.

"हे चार तर आत आहेत ना?" मी विचारलं.

"हो, आतच आहेत. म्हणून तर वर्तुळावर आहेत. बाहेरचे दोन कागदावर आहेत."

हे ऐकून मी काही वेळ गप्प बसलो. तिचं मराठी चोख होतं. टेबलावर पुस्तक असतं, पानावर थेंब असतो, ताटलीवर डाग असतो. ती ताटली गोल असली तर डाग ताटलीच्या मधोमध असला तरी आपण 'ताटलीवर'च म्हणतो, काठावर असला तरच 'काठावर' म्हणतो. 'वर' हा शब्द आपण पृष्ठभागासाठी वापरतो. आणि भूमिती मात्र गृहीत धरते की वर्तुळ म्हणजे ती नुसती रेघ. आतला भाग वर्तुळाचा अंतर्भाग आहे, वर्तुळ नव्हे. प्रतलातल्या एका ठरावीक बिंदूपासून समान अंतरावर असणाऱ्या सर्व बिंदूंचा संच, ही व्याख्या तिला पाठ होती, पण तिच्या डोळ्यांपुढे होती ती भरलेली चकती.

आता पेपर पुन्हा तपासून पाहा. चकतीवरचा बिंदू सांगा? 'म', अगदी बरोबर. चकतीवरचे कोणतेही दोन बिंदू जोडणारा रेषाखंड म्हणजे जीवा? मग मअ, मब, मप या सगळ्या जीवाच. व्याख्या तिने शब्दशः लागू केली होती. केंद्रही वर्तुळावर आहे असं एकदा धरलं की प्रत्येक त्रिज्या ही जीवा ठरते. त्यात डोकं न लावल्याची एकही खूण नव्हती. उलट पाठांतर करणाऱ्याने सवयीने 'अब, कड' लिहिलं असतं, तेही 'वर' म्हणजे काय याचा विचार न करता.

माझ्या मते या प्रकरणाची गुरुकिल्ली इथे आहे. जीवा, त्रिज्या, स्पर्शिका हे अवघड शब्द मुलं जपून हाताळतात, कारण ते नवे आहेत हे त्यांना माहीत असतं. घात करतात ते रोजचे साधे शब्द. 'वर', 'मधून', 'किती'. यांची व्याख्या कुणी देत नाही आणि कुणी विचारतही नाही.

तार आणि पुठ्ठा

उपाय अगदी साधा होता. पाच सेंटिमीटर त्रिज्येची तारेची रिंग वळवली आणि त्याच मापाची पुठ्ठ्याची चकती कापली. दोन्ही कागदावर शेजारी ठेवल्या. पुठ्ठ्यावरची मुंगी कुठेही फिरू शकते. तारेवरच्या मुंगीला केंद्रापाशी जाता येईल? नाही, तार सोडल्याशिवाय नाही. मग केंद्र वर्तुळावर आहे का?

तिने रिंग उचलली. कर्कटकाच्या टोकाने कागदाला पडलेलं भोक कागदावरच राहिलं. ती त्या भोकाकडे बघत म्हणाली, "म्हणजे केंद्र वर्तुळाचं आहे, पण वर्तुळात नाही." मी हे वाक्य 'वर्तुळावर नाही' असं दुरुस्त केलं, कारण 'वर्तुळात' म्हणजे आत, आणि तिथे तर ते आहेच. पण तिचं म्हणणं मला पटलं. केंद्र हा शब्द मुळात ग्रीक 'केंट्रॉन'वरून संस्कृतात आला, आणि त्याचा अर्थ टोकदार काटा, अणकुची. कर्कटकाचं रोवलेलं टोक. ते भोक म्हणजेच केंद्र, हे तिला फार आवडलं.

मग आम्ही सगळ्या व्याख्या मोठ्याने वाचल्या, फक्त 'वर्तुळावर' आलं की तिथे 'रिंगवर' म्हणायचं. रिंगवरील कोणत्याही दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड म्हणजे जीवा. मअ जीवा आहे का? 'म' रिंगवर नाही. कट. तीन चुकीच्या जीवा एका झटक्यात गेल्या.

इथे तिने जो प्रश्न विचारला तो मी आजवर मोठ्या वर्गांतही ऐकलेला नाही. "सर, वर्तुळ म्हणजे नुसती तार, तर वर्तुळाचं क्षेत्रफळ शून्य का नाही?"

प्रामाणिक उत्तर असं की आपण शिक्षकच बोलताना ढिले पडतो. 'वर्तुळाचा परीघ' म्हणताना वर्तुळ ही तार असते, 'वर्तुळाचं क्षेत्रफळ' म्हणताना तेच वर्तुळ पुठ्ठा होऊन बसतं. काटेकोर बोलायचं तर वर्तुळाने बंदिस्त केलेल्या भागाचं क्षेत्रफळ म्हणायला हवं. ही सरमिसळ आजची नाही. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या सुमारास युक्लिडने वर्तुळाची व्याख्या केली तीच 'एका रेषेने वेढलेली सपाट आकृती' अशी. म्हणजे त्याचं वर्तुळ हे पुठ्ठ्याचं होतं. हे मी तिला सांगितलं. आपली चूक एवढ्या मोठ्या माणसाच्या बाजूची निघाली याचा तिला झालेला आनंद लपत नव्हता. अर्थात पेपरात कुठला अर्थ धरायचा हे तिने मला दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

तीन

त्रिज्येचा प्रश्न सुटल्यात जमा होता, कारण त्यावर तर तिला गुण मिळाले होते. सहज म्हणून मी कोऱ्या वर्तुळात सगळ्या त्रिज्या काढायला सांगितल्या. 'सगळ्या' हा शब्द मुद्दाम वापरला होता. अपेक्षा अशी की ती थोड्या काढेल आणि म्हणेल, किती काढू, संपणारच नाहीत. तिने तीन काढल्या आणि पेन्सिल खाली ठेवली.

"झाल्या?"

"हो. त्रिज्या ना? त्रिकोणाला तीन कोन, त्रिज्येला तीन."

पेपरातल्या आकृतीत 'म' पासून निघणारे रेषाखंड योगायोगाने तीनच होते. मअ, मब, मप. तिला तीन हवे होते, तीन मिळाले, गुण मिळाला. आणि पहिल्या बैठकीत "त्रिज्या किती?" याला आलेलं "तीन" हे उत्तर सेंटिमीटरचं नव्हतं, ती मोजदाद होती! मराठीत 'त्रिज्या' एकवचनातही तीच आणि अनेकवचनातही तीच, आणि 'किती' संख्येलाही चालतं आणि मापालाही. 'या वर्तुळाची त्रिज्या किती लांब' असा पूर्ण प्रश्न विचारला असता तर 'ची'वरून तरी तिला कळलं असतं. मी आळस केला आणि बरोबर उत्तराने मला फसवलं. चुकीची उत्तरं आपण निदान खोदून तरी पाहतो.

तिचा तर्क मात्र अगदीच हवेतला नव्हता. त्रिज्या या शब्दात 'तीन' खरोखरच आहे. जुन्या ज्योतिर्गणितात वर्तुळाचे बारा राशींत भाग पाडत, एक राशी म्हणजे ३० अंश. तीन राशींची ज्या, म्हणजे ९० अंशांची ज्या, ती त्रिज्या. तिथे ज्या म्हणजे जीवेची अर्धी लांबी, आणि ९० अंशांना ती बरोबर केंद्रापासून वर्तुळापर्यंतच्या अंतराएवढी होते. तिला हे सगळं समजावं अशी अपेक्षा नव्हती. 'तीन' त्रिज्यांचे नाहीत, राशींचे आहेत, एवढं सांगितलं. मग कर्कटक उघडून हातात दिलं आणि म्हटलं, हे उघडलेलं अंतर तू फिरवताना बदललं का? नाही. मग पेन्सिल जिथे जिथे गेली तिथपर्यंत केंद्रापासून एक त्रिज्या. ती मोजायला लागली आणि तिने ते लवकरच सोडून दिलं. तीच पावती.

दोरी किती ताणली

तिसरी बैठक जीवेसाठी राखली होती आणि ती सगळ्यात रंगली. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. वाकलेलं लाकूड म्हणजे चाप, आपल्या पुस्तकातला कंस. दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे शर, बाण. हे तिन्ही शब्द एकाच चित्रातले आहेत आणि ते चित्र एकदा काढलं की वेगळं काही पाठ करायला लागत नाही. दोरी दोन्ही टोकांना लाकडालाच बांधलेली असते, हवेत नाही. म्हणून मअ दोरी नाही. हे तिने स्वतः म्हटलं, मला बोलावं लागलं नाही.

आता व्यास. व्यासाला ती जीवा मानायला तयार नव्हती. "व्यास व्यास आहे, जीवा जीवा आहे." चौरस हा आयतही असतो हे ज्यांना पचत नाही त्यांचीच ही अडचण. दोरी लाकडाला दोन्ही टोकांना बांधलेली आहे ना? आहे. केंद्रातून जाते म्हणून बांधणं सुटतं का? नाही. मग ती दोरी आहेच, वर केंद्रातून जाणारी आहे. व्यास ही सर्वांत मोठी जीवा हे वाक्य तिला पाठ होतं, आणि त्याच वाक्यात व्यासाला जीवा म्हटलं आहे हे तिने आत्तापर्यंत पाहिलं नव्हतं!

पेपरातली आकृती मी पाच सेंटिमीटर त्रिज्येने पुन्हा काढली, 'कड' केंद्रापासून अर्धा सेंटिमीटर खाली. पट्टीने मोज. अब दहा सेंटिमीटर. कड? तिने पट्टी दोनदा ठेवली. "दहाच आहे, सर. किंवा अगदी एक रेघ कमी."

ती बरोबर होती. पायथागोरसच्या प्रमेयाने पाहिलं तर कडची अर्धी लांबी म्हणजे २५ वजा ०.२५ चं वर्गमूळ, जवळपास ४.९७५. पूर्ण लांबी ९.९५. व्यासापेक्षा फक्त अर्धा मिलिमीटर कमी. पट्टीवरच्या एका रेघेच्या निम्मा! केंद्र अर्धा सेंटिमीटर चुकलं तरी लांबीला त्याचा पत्ता लागत नाही. १.४ सेंटिमीटर चुकलं तर जीवा ९.६ होते, तेव्हाही डोळ्याला फरक कळेलच असं नाही. म्हणजे 'मोठी दिसते ती व्यास' ही कसोटी ठेवली तर आकृती आपल्याला हमखास फसवणार, आणि 'आडवी ती व्यास' ठेवली तर वही फिरवली की उत्तर बदलणार. केंद्रातून जाते का, एवढं एकच पाहायचं. तिने वही खरंच फिरवली, कडला तिरपी केली, अबला आडवी केली आणि हसली.

शराची गंमत मी तिथेच दाखवली. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास एका ओळीत सांगून ठेवलं आहे : वर्तुळातल्या दोन शरांचा गुणाकार म्हणजे अर्ध्या ज्येचा वर्ग. जीवा केंद्रापासून ३ सेंटिमीटरवर असली तर एका बाजूचा शर ५ वजा ३, म्हणजे २, दुसऱ्या बाजूचा ८. गुणाकार १६. अर्धी जीवा ४, तिचा वर्ग १६. तिने लगेच ४ सेंटिमीटरवरची जीवा काढली. शर १ आणि ९, गुणाकार ९, अर्धी जीवा ३. मोजून पाहिली, पूर्ण जीवा ६ भरली. हे आठवीच्या अभ्यासक्रमात नाही, आणि मी ते सांगायला नको होतं असं काही जण म्हणतील. पण ज्या मुलीवर 'डोकं लावत नाही' असा शिक्का बसला होता तिने पुढची पंधरा मिनिटं मला न विचारता जीवा काढून तपासल्या.

कंस, आणि टेकणारी रेघ

(कड) हे उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत निरागस वाटतं. तिला वर्षानुवर्षं साधा कंस, महिरपी कंस, चौकटी कंस शिकवले होते. 'लघुकंस लिहा' म्हटल्यावर तिने छोटा कंस लिहिला. 'दाखवा' असं विचारलं असतं तर कदाचित तिने बोट फिरवलं असतं. धनुष्याचं चित्र झाल्यावर ते आपसूक सुटलं, पण एक गुंता उरलाच. क आणि ड हे दोन बिंदू रिंगचे दोन तुकडे करतात आणि दोघांचीही टोकं तीच. मग 'कंस कड' म्हणजे कुठला? केंद्रीय कोन मोजला. खालच्या बाजूने १६८ अंशांच्या आसपास, म्हणजे वरून १९२ च्या आसपास. १८० पेक्षा कमी तो लघुकंस, जास्त तो विशालकंस. गोंधळ नको म्हणून कंसावरचा एखादा तिसरा बिंदू नावात मध्ये घ्यायचा. खालच्या कंसावर 'ट' घेतला तर कंस कटड. हे तिला कंटाळवाणं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

स्पर्शिकेला मात्र तिने मला पकडलं. मी पट्टी लावून रिंगला टेकणारी रेघ काढली आणि म्हटलं, ही वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करते.

"कुठे सर? इथून इथपर्यंत टेकलीय. दीड सेंटिमीटर तरी असेल."

खरंच तेवढी टेकलेली दिसत होती. आपण मुलांना एकच बिंदू बघायला सांगतो आणि त्यांना दिसतो एक जाड पट्टा. स्पर्शबिंदूपासून एक सेंटिमीटर बाजूला गेलं तर रेषा आणि वर्तुळ किती लांब होतात, हे काढायला सांगितलं. त्रिज्या स्पर्शिकेला लंब, म्हणून काटकोन त्रिकोण : ५ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, २६. वर्गमूळ सुमारे ५.१. वर्तुळ ५ वरच आहे. फरक जेमतेम एक मिलिमीटर. सात मिलिमीटरवर तर तो अर्धा मिलिमीटरच राहतो, आणि पेन्सिलची रेघच अर्धा मिलिमीटर जाड. म्हणून दोन्ही बाजूंना सात सात मिलिमीटर दोन रेघा एकमेकींत मिसळलेल्या दिसणार, एकूण १४ मिलिमीटर. तिचा दीड सेंटिमीटर! टेकण्याची लांबी पेन्सिलची आहे, स्पर्शिकेची नाही. तिने टोक करून पुन्हा रेघ काढली आणि पट्टा आखूड झाला. छेदिका त्यानंतर दोन मिनिटांत झाली : दोन बिंदूंत कापते ती रेषा, आणि तिचा आतला तुकडा म्हणजे जीवा.

पाकळी आणि खंड यांना वेळ लागला नाही, पुठ्ठा होताच. केंद्रापासून दोन काप घेतले तर सुटते ती वर्तुळपाकळी, जीवेवरून सरळ कापलं तर सुटतो तो वर्तुळखंड. बरोबर अर्धी चकती दोन्ही आहे हे तिनेच सांगितलं.

तीन आठवड्यांनी

मी तिला नवी आकृती दिली, मुद्दाम तिरपी, मुद्दाम चार त्रिज्या असलेली, एक जीवा केंद्राला खेटून गेलेली. पाचपैकी चार आले. चुकलं ते कंसाचं नाव : दोनच अक्षरं लिहिली आणि विचारला होता विशालकंस. वर्तुळावरचे बिंदू लिहिताना तिने आधी समासात बारीक अक्षरात 'रिंग' लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं. एका मुलीवरून सगळ्या मुलांबद्दल मी काही म्हणणार नाही, पण नऊ ठिपक्यांचा कागद मी त्यानंतर प्रत्येक नव्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच दिवशी ठेवतो. आईला मी पेपर पुन्हा वाचून दाखवला, चकतीच्या नजरेने. त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, "मग त्या पेपरातले गुण मिळणार का?" नाही मिळणार.

उठता उठता मुलीने विचारलं, "सर, छेदिकेचा आतला तुकडा जीवा, तर स्पर्शिकेचा आतला तुकडा केवढा?"

मी उत्तर दिलं नाही. पट्टी केंद्रावर आडवी ठेवली आणि खाली सरकवायला सांगितली, त्रिज्या तीच पाच. तिने वहीत दोन स्तंभ आखले, केंद्रापासून अंतर आणि जीवेची लांबी. ० ला १०. ३ ला ८. ४ ला ६. ४.८ ला २.८, हे तिने वर्गमूळ काढून लिहिलं. ५ ला थोडा वेळ थांबून ०. मग पट्टी आणखी खाली, वर्तुळाच्या बाहेर. अंतर ६. तिने २५ मधून ३६ वजा केले आणि मान वर केली.

"सर, इथे उणे येतंय. वर्गमूळ कसं काढू?"

"पट्टी कुठे आहे बघ."

तिने बघितलं, आणि ६ च्या पुढे लिहिलं : भेट नाही.